पंचाच्या अंगाला लागलेला चेंडू

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही टेनिस बॉल स्पर्धेला जा, एक वाद हमखास ऐकायला मिळतो. फलंदाज समोर सणसणीत फटका मारतो. चेंडू गोलंदाजाच्या हाताला हुलकावणी देऊन मागे उभ्या असलेल्या अंपायरच्या खांद्यावर आदळतो, वर उडतो आणि मिड-ऑनचा पोरगा तो खाली पडण्याआधी झेलतो. झेलणारा संघ नाचू लागतो. फलंदाज मात्र जागचा हलत नाही. "अंपायरले लागला नं बे, डेड हाय!" एवढेच त्याचे म्हणणे असते. मग दोन्हीकडचे कप्तान येतात, मंडपातून संयोजक धावत येतो आणि दहा मिनिटे खेळ थांबतो. बहुतेक वेळा फलंदाजाचेच म्हणणे टिकते, कारण सामना सुरू होण्याआधी नियम सांगताना 'अंपायरले लागला तं डेड' हे 'वाइडवर धाव नाही' यासारखेच ठरवून घेतलेले असते.

क्रिकेटचा छापील कायदा मात्र याच्या नेमका उलट आहे. लंडनच्या एमसीसी या क्लबकडे १७८८ पासून या कायद्यांची मालकी आहे. त्यांच्या संहितेप्रमाणे पंचाला लागल्याने चेंडू मृत होत नाही. तो पंचाच्या कपड्यांत अडकून बसला तरच मृत. लागून उडाला तर खेळ चालूच राहतो. उडालेला चेंडू सीमेपार गेला तर धावा फलंदाजाच्या, आणि जमिनीला लागण्याआधी कोणी झेलला तर फलंदाज झेलबाद. पंचाला लागला, यष्ट्यांना लागला, दुसऱ्या क्षेत्ररक्षकाला लागला किंवा समोरच्या फलंदाजाला लागला, तरी झेल ग्राह्यच, असे कायद्याच्या ३३व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. कपड्यांत अडकण्याची तरतूद आज वाचताना गमतीची वाटते. पण पंच गुडघ्यापर्यंतचा पांढरा डगला घालत, त्याच्या खोल खिशांत चेंडू मोजायचे सहा खडे आणि खेळाडूंच्या टोप्या ठेवत, ते दिवस आठवले की ती का लिहिली ते कळते.

समोरच्या फलंदाजाला लागून झेल गेल्याचे उदाहरण फार जुने नाही. जून २०२२ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर न्यूझीलंडच्या हेन्री निकोल्सने जॅक लीचला सरळ फटका मारला. तो समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या डॅरिल मिचेलच्या बॅटवर आदळला आणि मिड-ऑफला अलेक्स लीसच्या हातात विसावला. निकोल्स बाद. मिचेलने चेंडू चुकवण्याचाच प्रयत्न केला होता. मिचेलच्या जागी पंच असता तरी निकाल तोच लागला असता.

म्हणजे कायद्याच्या लेखी पंच हा मैदानाचाच एक भाग आहे. बांधावरच्या बाभळीच्या खोडाला चेंडू लागून वळावा, तसा तो पंचाला लागून वळतो. ज्याचे नशीब त्याला फळते. हा विचार आला कुठून, आणि आमच्या वऱ्हाडातल्या पोरांना तो का पटत नाही, हे पाहायचे तर क्रिकेटच्या पहिल्या लेखी कागदापर्यंत मागे जावे लागते.

तो कागद १७२७ सालचा. इंग्लंडातले रिचमंडचे ड्यूक आणि ब्रॉड्रिक नावाचे एक जमीनदार यांनी आपापसांत दोन सामने ठरवले आणि त्यासाठी एक करारनामा केला. संघात बारा-बारा गडी, खेळपट्टी २३ यार्डांची, आणि प्रत्येक बाजूचा एकेक पंच. निर्णयावर कोणी गडी तोंड उघडेल तर त्याला बाहेर काढायचे. हा नियम ड्यूक आणि ब्रॉड्रिक या दोघांना मात्र लागू नव्हता! (पैसा ज्याचा, त्याला बोलायची मुभा. तीनशे वर्षांत या बाबतीत फारसा फरक पडलेला नाही.) याच करारात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची एक अट आहे. धाव मोजली जावी असे वाटत असेल तर फलंदाजाने पंचाच्या हातातल्या काठीला स्पर्श केला पाहिजे.

या अटीपाशी थोडे थांबले पाहिजे. आज पंचाला कोणी हात लावला तर शिस्तभंगाची कारवाई होते. त्या काळी पंचाच्या काठीला शिवल्याशिवाय धावच पुरी होत नव्हती. पंच खेळाच्या बाहेर नव्हता. लपंडावातला खांब जसा खेळाच्या आतला, तसाच तोही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत पंच हातात बॅट धरून उभे दिसतात, ते याच काठीचे रूप असावे असे मला वाटते. पुढे १७४४ च्या संहितेत मात्र फलंदाजाचा पाय, हात किंवा बॅट क्रीजच्या रेषेपलीकडे पोचली की नाही, एवढेच पाहायचे ठरलेले दिसते. काठीची जागा जमिनीवरच्या रेषेने घेतली. पंचाचे शरीर खेळातून बाजूला झाले, त्याचे डोळे आणि बोट तेवढे शिल्लक राहिले. पण उभा राहायची जागा बदलली नाही. गोलंदाजाच्या टोकाला यष्ट्यांच्या मागे, म्हणजे फलंदाजाच्या सर्वांत सुंदर फटक्याच्या बरोबर वाटेवर, तो आजही उभा असतो.

आपल्याकडे तिऱ्हाईताला तटस्थ म्हणतात. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. क्रिकेटचा पंच तटस्थ खरा, पण तो ऐन प्रवाहात उभा असतो.

'अंपायर' या शब्दाची कुळकथाही इथे सांगण्यासारखी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जो जोडीचा नाही तो, दोघांच्या भांडणातला तिसरा. इंग्रजीत त्याचे 'नूम्पर' झाले आणि पुढे सुरुवातीचा 'न' मागच्या 'अ' या उपपदाला चिकटून 'अंपायर' उरला. आपला 'पंच' पाचांवरून आला. गावगाड्यात पाचजण बसून निवाडा करत, पाचामुखी परमेश्वर म्हणत. तीन काय नि पाच काय, दोन्ही शब्दांच्या मुळाशी विषम संख्याच आहे. मते समसमान पडून भांडण अडून राहू नये, ही दोन्ही समाजांची गरज एकच होती. मात्र आपले पंच पारावर बसून निकाल देत, इंग्रजांचा 'नूम्पर' भर मैदानात उभा राहिला. वऱ्हाडी पोराने अंपायरला 'पंच' म्हटले तरी खेळाच्या मध्ये त्याचे अंग येणे हे त्याला खटकते, त्यात या पाराच्या आठवणीचाही काही वाटा असेल.

मुख्य कारण मात्र वेगळे असावे. १७२७ च्या करारात प्रत्येक बाजूचा एकेक पंच होता हे वर आलेच आहे. आमच्याकडच्या सामन्यांतही तेच चालते. मोठ्या बक्षिसाची स्पर्धा सोडली तर अंपायर बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असतो. ज्याचा नंबर यायचा आहे किंवा जो बाद होऊन आला आहे तो. अशा माणसाच्या अंगाला लागून चेंडू अडला, तर तो नुसता लागला की त्याने लावून घेतला, ही शंका येणारच. चौकार अडला तर फलंदाजीवाले चिडणार, झेल उडाला तरीही तेच चिडणार आणि हातात येणारा चेंडू दिशा बदलून निसटला तर क्षेत्ररक्षण करणारे. ही शंका मिटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे चेंडूच मृत ठरवायचा. 'अंपायरले लागला तं डेड' हा नियम अज्ञानातून आला असे पुस्तकी कायदा जाणणारे सांगतात. मला ते पटत नाही. ज्या खेळात पंच पक्षाचा आहे, त्या खेळाला शोभणारा तो नियम आहे. पंचाला झाडाचे खोड मानायचे तर तो खोडासारखाच कोणाचाही नसलेला असावा लागतो.

मोठ्या क्रिकेटलाही ही अवस्था गाठायला फार वेळ लागला. कसोटी सामन्यात पंच यजमान देशाचेच असत, आणि पाहुणा संघ हरून परतला की पंचांच्या नावाने शंख होई. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडीज कसोटीत इम्रान खानच्या आग्रहामुळे त्रयस्थ देशाचे दोन पंच उभे राहिले. ते दोघेही भारतीय होते, हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच त्रयस्थ असावा असे ठरले आणि २००२ पासून दोन्ही. खोडाची उपमा कायद्यात आधीपासून होती, माणसे तिच्या जवळपास पोचली ती आत्ता आत्ता.

दुसऱ्या खेळांनी हाच पेच कसा सोडवला तेही पाहू. विदर्भ-खानदेशातल्या अनेक शाळांत सॉफ्टबॉल खेळला जातो, म्हणून त्याचा आणि त्याचा थोरला भाऊ बेसबॉल यांचा नियम आपल्या कामाचा. तिथे फटकावलेला चेंडू आतल्या फळीतल्या क्षेत्ररक्षकापाशी पोचण्याआधीच मैदानातल्या पंचाला लागला तर तो मृत होतो आणि फलंदाजाला पहिला तळ बहाल केला जातो. पंचाने खेळात अडथळा आणला, त्याची भरपाई फलंदाजाला. तोच चेंडू क्षेत्ररक्षकाला ओलांडून किंवा त्याला लागून मग पंचाला लागला, तर खेळ चालू. झेलाचे तर क्रिकेटच्या अगदी उलट आहे. क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटलेला उंच चेंडू पंचाला लागून दुसऱ्याने झेलला, तर बेसबॉलमध्ये तो झेलच धरत नाहीत. फुटबॉलमध्ये रेफरी कैक वर्षे क्रिकेटसारखाच मैदानाचा भाग मानला जाई. १ जून २०१९ पासून तो नियम बदलला. आता रेफरीला लागून चेंडू गोलात गेला, दुसऱ्या संघाकडे गेला किंवा त्यातून आशादायक चढाई सुरू झाली, तर खेळ थांबवून चेंडू पुन्हा टाकला जातो.

म्हणजे आमच्या पोरांचा नियम जगाच्या विरुद्ध नाही. जगातले दोन मोठे खेळ त्यांच्याच बाजूला आहेत. तरीही क्रिकेटच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेसबॉलच्या पंचाला चेंडू आपल्या अंगाला आधी लागला की क्षेत्ररक्षकापुढून गेल्यावर लागला, हे ठरवावे लागते. फुटबॉलच्या रेफरीला आपल्याला लागल्यामुळे चढाई आशादायक झाली का, हे ठरवावे लागते. म्हणजे स्वतःच्याच शरीराचा निवाडा स्वतःच करायचा. कोणी स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश असू नये, हे न्यायाचे जुने सूत्र तिथे थोडे वाकते. क्रिकेटने पंचाला त्या अडचणीतून सोडवले आहे. लागला? लागू दे. पुढे खेळा. कठोर आहे, पण सोपे आहे आणि दोन्ही बाजूंना सारखे आहे.

मात्र पंचाला खोड मानणाऱ्या या कायद्याला एक गोष्ट दिसत नाही. खोडाला लागत नाही, माणसाला लागते.

हिशोब करून पाहा. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटर. पंच यष्ट्यांच्या थोडा मागे आणि फलंदाज आपल्या यष्ट्यांच्या थोडा पुढे, म्हणून दोघांतले अंतरही साधारण तेवढेच. ताशी १२० किलोमीटरने परतलेला चेंडू हे अंतर सुमारे सहा दशांश सेकंदात कापतो. त्यातच १९६० च्या दशकापासून नो-बॉलचा निर्णय गोलंदाजाच्या पुढच्या पायावर देण्याची पद्धत आली. त्यामुळे चेंडू सुटण्याच्या क्षणी पंचाची नजर खाली, रेषेवर असते. तो मान वर करतो तोवर चेंडू निम्म्या वाटेवर असतो. डिसेंबर २०१९ मध्ये भारत-वेस्ट इंडीज मालिकेत पुढच्या पायाचे नो-बॉल तिसऱ्या पंचाने पडद्यावर पाहून द्यायचा प्रयोग झाला, त्याची चर्चा अचूकतेच्या अंगानेच झाली. मैदानावरच्या पंचाची नजर त्यामुळे वर राहते, हा लाभ मला अधिक मोठा वाटतो. जिल्हा पातळीवर तिसरा पंच नसतो. तिथे नजर अजूनही खालीच.

यातली सर्वांत दुःखद घटना एका मराठी घरातल्या माणसाची आहे आणि ती घडली इस्राएलात. अलिबागजवळच्या नवगावला पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असे सांगणारा बेने इस्राएल समाज कोकणात शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. अश्दोद, बीरशेबा, दिमोना, रामला, लोद या गावांत वसले. सोबत मराठी गेली, पुरणपोळी गेली आणि क्रिकेटही गेले. दक्षिण आफ्रिकेतून व ब्रिटनमधून आलेल्या ज्यूंबरोबर त्यांनी तिथे हा खेळ टिकवला. १९७४ मध्ये इस्राएल आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहसदस्य झाला.

हिलेल ऑस्कर हे याच समाजातले. मूळ आडनाव आवासकर, म्हणजे अलिबाग तालुक्यातल्या आवास गावचे. त्यांनी इस्राएलच्या राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषवले होते, पुढे ते पंच झाले. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी, शनिवारी, अश्दोद इथल्या साखळी सामन्यात ते गोलंदाजाच्या टोकाला उभे होते. फलंदाजाने जोरात सरळ फटका मारला. चेंडू त्यांच्या समोरच्या यष्ट्यांवर आदळला आणि दिशा बदलून त्यांना लागला. ते वाचले नाहीत. दोनच दिवस आधी, २७ नोव्हेंबरला, सिडनीत उसळता चेंडू मानेजवळ लागून फिलिप ह्यूजचे निधन झाले होते आणि सारे क्रिकेटविश्व त्या शोकात होते. दारादारांत बॅटी ठेवून जगाने ह्यूजला निरोप दिला. त्याच आठवड्यातल्या आवासकरांची बातमी आपल्याकडच्या मराठी वाचकांपर्यंतही नीट पोचली नाही. चेंडू यष्ट्यांना लागून वळला होता, त्यामुळे त्यांनी समोर पाहिले असते, जागा बदलली असती, तरी काही उपयोग झाला असता असे वाटत नाही.

ती काही एकटी घटना नव्हती. वेल्समध्ये २००९ साली अल्क्विन जेंकिन्स हे ७२ वर्षांचे पंच क्षेत्ररक्षकाच्या फेकीने दगावले, तर २०१९ मध्ये त्याच वेल्समधले ८० वर्षांचे जॉन विल्यम्स चेंडू लागून काही आठवड्यांनी गेले. डिसेंबर २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या दिंडिगल इथे रणजी सामन्यात पंजाबच्या फलंदाजाचा सरळ फटका ऑस्ट्रेलियाचे पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्याला लागला. त्यांना कोइमतूरच्या रुग्णालयात न्यावे लागले. त्याच महिन्यात विजय हजारे स्पर्धेत मुंबईचे पंच पश्चिम पाठक हेल्मेट घालून उभे राहिले. लांब केस आणि त्यावर हेल्मेट, म्हणून समाजमाध्यमांवर त्यांची थट्टाही झाली. हसणाऱ्यांपैकी कोणी एकदा तिथे उभे राहून पाहायला हवे होते. पुढच्याच महिन्यात, २० जानेवारी २०१६ ला, कॅनबेरातल्या भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात वॉर्डही हेल्मेट घालून आले. त्या सामन्यात चेंडू लागला तो दुसरे पंच रिचर्ड केटलबरो यांना, आणि तोही पायावर. त्यांना मैदान सोडावे लागले. ब्रूस ऑक्सनफर्ड यांनी त्याच वर्षी आयपीएलमध्ये हातावर पारदर्शक ढाल बांधायला सुरुवात केली, ती हातपाय आणि छाती या उरलेल्या अंगाची काळजी म्हणून. मैदानात ढाल घेऊन उभा पंच पाहून १७२७ ची ती काठी आठवल्यावाचून राहत नाही.

८ डिसेंबर २०१६ ला मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत-इंग्लंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी स्क्वेअर लेगला उभे असलेले पॉल रायफल भुवनेश्वर कुमारची फेक डोक्याला लागून खाली बसले. त्यांच्या जागी तिसरे पंच मराय इरॅस्मस आले. रायफल स्वतः ऑस्ट्रेलियाकडून वेगवान गोलंदाजी केलेले. चेंडूची ओळख असून चालत नाही, हे त्यातून दिसले.

कायद्याने जखमी पंचाचा विचारच केलेला नाही असे नाही. खेळाडूला किंवा पंचाला गंभीर दुखापत झाल्याची शक्यता दिसली, तर दोघांपैकी कोणत्याही पंचाने 'डेड बॉल' पुकारावा असे विसाव्या कलमात आहे. हे पुकारण्याआधी झेल पूर्ण झाला असेल तर फलंदाज बादच, मग पंच जमिनीवर पडलेला का असेना. जखमी पंचाच्या जागी दुसरा आला तर त्याने फक्त फलंदाजाच्या टोकाला, म्हणजे स्क्वेअर लेगला उभे राहायचे. गोलंदाजाच्या टोकाचे काम त्याला द्यायचे असेल तर दोन्ही कर्णधारांची संमती लागते. नवा माणूस कोणाचा आहे, ही १७२७ मधली शंका त्या कलमात अजून जिवंत आहे.

गोलंदाजाच्या टोकाचा पंचच कोसळला तर 'डेड' पुकारायची जबाबदारी साहजिकच स्क्वेअर लेगच्या पंचावर येते. आमच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत चेंडू हलका, सुमारे ५८ ग्रॅमचा. तो लागला तर वळ उठतो, जीव जात नाही. पण जिल्ह्यात लेदर बॉलच्या स्पर्धाही होतात. तो चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. अंपायर मात्र तिथेही टोपी घालून उभा असतो, हेल्मेट नव्हे. आणि स्क्वेअर लेगला फलंदाजी करणाऱ्या संघातला एखादा पोरगा. पुढचा नंबर त्याचाच असतो, म्हणून तो हातात बॅट घेऊनच उभा राहतो.